एरंडेली झिंगे

कुणाच्याही घरी गेले की माझा हात आधी स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे जातो. झाकण उघडायचं, नाक आत घालायचं आणि मगच घरच्या बाईला कशी आहेस म्हणून विचारायचं. वाईट खोड आहे, मला मान्य आहे. माझी सून म्हणते, तुम्ही येणार कळलं की नातेवाईक स्वयंपाकघराला कडी घालतात. पण बत्तीस वर्षं सुके झिंगे विकल्यावर हे नाक गप्प बसत नाही. झिंगे उन्हातून उचलून गरमागरमच डब्यात कोंबले असतील, कुणी ओला हात आत घातला असेल किंवा डबा आधी लोणच्याचा असेल, तर मला एका वासात कळतं. घरच्या बाईला पटत नाही, पण आठ दिवसांनी तिचाच फोन येतो.

झिंगे म्हणजे कोळंबी, लांबच्या वाचकांसाठी सांगते. आमचे झिंगे समुद्राचे नाहीत. माझं गाव नवापूरच्या हद्दीवर, धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. घरात आम्ही आमची आदिवासी कोकणी बोलतो, बाजारात अहिराणी, आणि शाळेत शिकलेली मराठी आज या लेखाच्या उपयोगी पडते आहे. वडील रविवारी चर्चमध्ये प्रार्थना सांगायचे आणि बाकीचे सहा दिवस जाळं टाकायचे. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकलं की उथळ कडेला झिंगे इतके यायचे, की जाळं ओढताना आईच्या तोंडून हसू फुटायचं. ते दिवस आठवले तरी आजही माझे हात शिवशिवतात.

कारण खरी पळापळ त्यानंतर. पाण्याबाहेर काढलेला झिंगा तुमच्यासाठी थांबत नाही. दुपारपर्यंत त्याच्या मानेशी काळं पडायला लागतं, डोकं सैल होतं, आणि संध्याकाळी तो कुत्र्याच्याही कामाचा राहत नाही. गावात बर्फ नव्हता आणि फ्रिज फक्त मास्तरांकडे. मग सगळ्या घरांच्या चुली एकदम पेटायच्या. मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी खळखळलं की झिंगे आत टाकायचे, लाल झाले की लगेच बाहेर. निथळून बाजेवर जुनी जाळी अंथरायची आणि त्यावर पसरायचे. जमिनीवर पसरले तर वाळू चिकटते आणि खाणाऱ्याच्या दातांतून आपल्याला शिव्या बसतात. दर तासाला हाताने उलथायचे. तिसऱ्या दिवशी एक उचलून मोडायचा. कट् आवाज आला तर वाळला, वाकला तर अजून ऊन पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डब्यात भरण्याआधी सावलीत पूर्ण गार करायचे. गरम झिंगा बंद डब्यात घाम सोडतो आणि पंधरा दिवसांत बुरशी धरतो. एवढं केलं की पावसाळाभर चिंता नाही. महिन्यातून एकदा ऊन दाखवा, पाऊस असेल तर तव्यावर कोरडेच परता आणि गार करून परत भरा.

हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. नंदुरबारला, रनाळ्याच्या आठवडे बाजारात, कधी लांब मोलगीलाही. नुसता माल देऊन मोकळी होणाऱ्यांतली मी नव्हते. माल माझ्या पोत्यातून गेला तरी तो त्यांच्या घरात चार महिने टिकला पाहिजे, हा माझा हट्ट. लोक म्हणायचे, मार्थामावशी झिंग्यांबरोबर भाषण फुकट देते. मला त्याचा भारी अभिमान होता आणि त्या अभिमानानेच पुढचा घोळ केला.

या धंद्यात मी एक गोष्ट पाहिली. माणूस नवी वस्तू आणतो आणि ती जुन्या वस्तूसारखी ठेवतो. नंदुरबारच्या एका साहेबांनी बाजारात माझ्या शेजारी बसणाऱ्या पाडवी बाईकडून डझनभर जिवंत खेकडे नेले. ही बाई सातपुड्याच्या ओढ्यातले खेकडे गवताच्या दोरीने बांधून आणायची, ओल्या पानांत गुंडाळून. साहेबांना वाटलं, बिचारे पाण्यातले जीव. त्यांनी खेकडे बादलीत टाकले, बादली काठोकाठ भरली आणि वर झाकण ठेवून दगड ठेवला. सकाळी बाराच्या बारा मेलेले. साहेब रागावून आले, तेव्हा बाईने शांतपणे सांगितलं की खेकड्याला हवाही लागते, त्याला ओल्या गोणपाटात ठेवायचं, पाण्यात बुडवायचं नाही, आणि मेलेला खायचा नाही. साहेब म्हणाले, आमच्या घरी मासे असेच ठेवतात. आम्ही दोघी पोट धरून हसलो. आपण स्वतः याहून मोठा गोंधळ करून ठेवणार आहोत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात रनाळ्याच्या बाजारात कल्पना आली. नवीन लग्न झालेली, म्हसावदकडची. माहेरी मासळी शिजत नव्हती आणि सासरी सुक्या झिंग्यांशिवाय पावसाळा सरत नव्हता. तिची सासू भागाबाई माझी जुनी गिऱ्हाईक. भागाबाईची जीभ तिखट आणि पारख त्याहून तिखट. मूठभर झिंगे घेऊन कानाशी हलवायची आणि आवाजावरून वाळलेत की नाही सांगायची. ती लेकीकडे सुरतेला महिनाभर गेली होती आणि जाताना कोठीच्या खोलीची चावी तिने पहिल्यांदाच सुनेच्या हातात दिली होती. कल्पनाने मला ती चावी दाखवली. कमरेला खोचलेली होती आणि ती सारखी चाचपून पाहत होती. म्हणाली, वर्षाचं सगळं माझ्याकडे आहे मावशी, काही बिघडलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

मी तिला तीन किलो झिंगे दिले आणि भाषण सुरू केलं. पण त्या दिवशी बाजार उसळला होता. पाच-सहा बाया एकदम, कुणी माल चाखते आहे, कुणी तराजूकडे डोळे लावून बसली आहे. माझ्या अंगात उत्साह तर असा संचारला होता की एका बाईला उत्तर आणि दुसरीला माल. कल्पनाने पुन्हा विचारलं, ठेवायचे कसे. मी मान वर न करता म्हटलं, अगं गव्हासारखे ठेव, गव्हासारखे. ती हो म्हणाली आणि गेली.

गव्हाला आमच्याकडे काय करतात? ऊन देतात, एरंडेल चोळतात, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरतात.

दोन बाजार गेले. तिसऱ्या बाजाराला मी नुकती पोती उघडली होती, तोच समोरून भागाबाई आली. हातात पत्र्याचा डबा, मागे चार पावलांवर कल्पना, खाली मान. भागाबाईने डबा माझ्या पोत्यावर आपटला. तिचं सांगणं सगळ्या बाजाराला ऐकू गेलं. ती सुरतेहून लेक-जावयाला घेऊन परतली होती, सुनेने झिंगे घालून वांग्याची भाजी केली होती, जावयाने दोनदा मागून खाल्ली होती आणि मग सकाळपर्यंत घरातला एकही माणूस जागेवर बसू शकला नव्हता.

"मार्था, हाई तुन्हा माल शे. मन्हा जवाई सकायलोंग परसाकडे ये-जा करी ऱ्हायंता. काय घालं यामा, सांग."

माझ्यासमोरच्या बायांनी हातातले झिंगे हळूच पोत्यात परत टाकले. एकीने पिशवी उपडी केली. वीस वर्षं खपून उभा केलेला बाजार माझ्या डोळ्यांसमोर पाच मिनिटांत उठून चालला होता. मी डब्याचा वास घेतला नाही. माझं नाक, ज्याची मी एवढी फुशारकी मारते, ते त्या दिवशी रागाने बंद पडलं होतं. मी डब्यात हात घातला आणि मूठभर बाहेर काढले.

"इख शे म्हनस ना तू? मंग पहिले मी खास, देख."

विष म्हणतेस तर आधी मीच खाते, असं म्हटलं आणि खाल्ले. पहिल्याच घासाला जिभेवर जाड, बुळबुळीत थर बसला. एरंडेल. लहानपणी आई महिन्यातून एकदा नाक दाबून पाजायची, ती चव कुणी विसरतं का! मी चावता चावता थांबले. झिंग्यांना एरंडेल कोण लावेल? मी कल्पनाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती, आणि तिच्या कमरेला चावी नव्हती. त्याच क्षणी माझेच शब्द मला ऐकू आले. गव्हासारखे ठेव.

गव्हाला पोत्यामागे चार चमचे तेल लागतं, आणि दळण्याआधी आपण तो पुसतो, निवडतो. कोरडा झिंगा मात्र तेल पिऊन टाकतो. या पोरीने तीन किलोंवर अर्धी बाटली चोळली असणार, अगदी मन लावून.

आता मला दोनच रस्ते होते. खरं सांगावं तर बाजाराला कळणार की मार्थामावशीचं भाषण ऐकून माणसं आजारी पडतात. सुनेवर ढकलावं तर तिची कोठी गेली ती गेलीच. मी तिसरंच केलं. सगळे बघत होते म्हणून दुसरी मूठ भरली. याला शौर्य म्हणू नका. मला काही सुचत नव्हतं आणि हात आपोआप डब्यात गेला.

मूठ तोंडापाशी आली तेव्हा कल्पना पुढे झाली. नवी सून, भर बाजारात, सासूच्या पुढे उभी राहिली.

"मावशी, खाऊ नका. तेल मी लावं. कोनी सांगं नही, मन्हाच मनना लावं."

कुणी सांगितलं नाही. एवढं ती ठासून म्हणाली आणि बोलताना तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मग कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले. पलीकडच्या म्हाताऱ्याने तर झिंगे मोहाच्या दारूत धुवा म्हणजे तेल निघेल, आणि नाही निघालं तरी खाणाऱ्याला कळणार नाही, असा सल्ला दिला. ज्या बाईने पिशवी उपडी केली होती तिने ती परत भरायला लावली. फक्त भागाबाई हसली नाही. तिने सुनेकडे पाहिलं, मग ती माझ्या पोत्याच्या कडेला बसली आणि मला विचारलं, "मंग आते यास्नं काय करानं?"

हा प्रश्न ऐकला आणि माझ्यात पुन्हा वारं शिरलं. माल वाचवायचा म्हटलं की मला दुसरं काही दिसत नाही. दुकान पाडवी बाईवर सोपवून मी त्या दोघींबरोबर त्यांच्या घरी निघाले. अंगणात चूल मांडली. कोमट पाण्यात डाळीचं पीठ कालवून झिंगे चोळले, ते पाणी फेकलं, पुन्हा चोळले, पुन्हा फेकलं. मग मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढले, दोन बाजांवर लुगडी अंथरून पसरले. कल्पना पाणी आणते आहे, भागाबाई जाळ घालते आहे, मी हुकूम सोडते आहे. आणि मधूनमधून मला सगळं सोडून परसाकडे धावावं लागत होतं, कारण मूठभर एरंडेली झिंगे आपलं काम चोख करत होते. प्रत्येक वेळी मी परत आले की भागाबाई तोंड फिरवायची. तिसऱ्या वेळी तिच्या खांद्यांवरून मला कळलं की ती हसते आहे.

सगळे वाचले असं मी म्हणणार नाही. वरच्या थरातले, साधारण अर्धे, बरे निघाले, ते भागाबाईने आधी स्वतः खाऊन पाहिले. खालचे तेलाने पार भिजले होते, ते उकिरड्यावर गेले. आज कुणी विचारलं तर सांगेन, असा माल धूत बसू नका, सरळ टाका. पण त्या दिवशी अर्धे वाचले याचाच आम्हाला कोण आनंद झाला होता.

चावी मात्र परत मिळाली नाही. त्या वर्षभर मी भागाबाईच्या कमरेलाच ती पाहिली. कल्पना डबा घेऊन यायची, तेव्हा सासू बरोबर असायची आणि डब्याला हात सासू लावायची. पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी कल्पना एकटी आली, झिंगे कानाशी हलवून पाहिले, आणि वाकली तेव्हा मला चावी दिसली. तिला थोडं जास्त वजन घातलं आणि माझं मन मोकळं झाल्याचं सोंग केलं.

कारण त्या वर्षात कुठल्याही बाजाराच्या दिवशी मी भागाबाईला एक वाक्य सांगू शकले असते. गव्हासारखे ठेव, हे माझे शब्द होते. नाही सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले आणि उलट बाजारात शहाणी ठरले. प्रत्येक नव्या सुनेला मी विचारायला लागले, तुझ्या घरी गव्हाला काय लावतात? ती एरंडेल म्हणाली की मी म्हणायचे, ते यांना नाही. माल देण्याआधी तिच्याकडून सगळं परत वदवून घ्यायचे. बायका हसायच्या, मावशी परीक्षा घेते म्हणायच्या. किती काळजी घेते बाई, असंही म्हणायच्या. ते ऐकताना मला बरं वाटायचं आणि घरी आल्यावर वाईट.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप केला आणि मी पोती सुनेच्या हवाली केली. या वर्षी नंदुरबारच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी, ज्यांच्या आईला मी वर्षानुवर्षं झिंगे दिले, धंद्यातले अनुभव लिहा म्हणून गळ घातली. मला आनंदाने झोप येईना. पण लिहायला बसले तर पेन एकाच ठिकाणी अडत होतं. मग सरळ एसटी पकडली आणि रनाळ्याला गेले.

भागाबाई आता ऐंशीच्या पुढे. दात गेले आहेत, झिंगे कुटून लसूण-मिरचीत घातले तरच खाते. ती ओट्यावर बसली होती आणि कल्पना शेजारी शेंगा सोलत होती. मी डबे हुंगायला आत गेले नाही, यावरूनच दोघींना काहीतरी वेगळं आहे हे समजलं असावं. मी बसले आणि सांगून टाकलं. एरंडेलाची गोष्ट काढताच कल्पनाने डोळ्यांनी मला गप्प राहा म्हणून खुणावलं. मी थांबले नाही.

भागाबाई ऐकून घेत राहिली. मग माझ्याकडे न बघता सुनेला म्हणाली, "वरीसभर चावी मन्हा कंबरले व्हती. तरी तू बोलनी नही?"

कल्पनाने शेंगेतले दाणे सुपात टाकले. "मन्ही चावी गयी, परत उनी. मावशीना बजार गया व्हता तं परत उना नसता."

मी त्या पोरीला भोळी समजत होते. भर बाजारात, सासू समोर उभी असताना, दोन घासांच्या मधल्या वेळात तिने हिशेब केला होता, की चावी परत येते, गेलेला बाजार येत नाही. माझं नाक, माझं भाषण, माझी हुशारी, सगळं त्या पोत्यावर बसून होतं आणि शहाणपण तिच्याकडे होतं. मला रडू आलं, आणि भागाबाईने नेहमीप्रमाणे तोंड फिरवलं.

निघताना मी कल्पनाला विचारलं, हे लिहू का? लिहा म्हणाली. फक्त एरंडेलाचं स्पष्ट लिहा, नाहीतर वाचून पुन्हा कुणीतरी लावेल.

म्हणून स्पष्ट लिहिते. सुक्या झिंग्यांना कसलंही तेल लावायचं नाही. वाळवायचे, गार करायचे, कोरड्या डब्यात घालायचे. रनाळ्याच्या कल्पनाने ते लावलं, कारण मार्थामावशीने तिला तसं सांगितलं होतं.